कोशाची अट

कुणाही मोठ्या माणसाचं नाव काढलं की सर चष्मा कपाळावर चढवून विचारायचे, "गेले, की आहेत?" आहेत म्हटलं की त्यांचा चेहरा पडायचा. अशी चौकशी करणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल.

देशभरातल्या नामवंतांचा एक चरित्रकोश खंडाखंडानं निघत होता आणि परभणी जिल्ह्याच्या नोंदी सरांकडे होत्या. अट एकच, माणूस हयात नको. सर कॉलेजातून निवृत्त झालेले, त्यांना गाडी येत नव्हती. मी शेजारी, म्हणून माझ्या मोटारसायकलवर मागे बसून ते गावोगावच्या दहाव्यांना जायचे. दहाव्याला सगळे नातलग एका जागी सापडतात, हा त्यांचा हिशेब. पिंड ठेवलेले, सगळे कावळ्याची वाट बघताहेत, आणि सर कुणा आत्याला हळूच विचारताहेत, जन्म आजोळचा का? मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पण रागावलं कुणी नाही. आपल्या माणसाबद्दल इतकं बारीक विचारायला दुसरं कोण येतं?

पिंगळीजवळच्या एका म्हातारीवर मात्र सरांचा जीव होता. ऊसतोडीला जायची तेव्हा तिनं अख्ख्या टोळीला कोयते खाली ठेवायला लावले होते. ओल्या बाळंतिणीला फडात उतरवणार नाही, असं मुकादमानं कबूल करेपर्यंत कुणी ऊस तोडला नाही. ही बाई नसेल तर कोशाला अर्थ नाही, असं सर म्हणायचे. अडचण एवढीच, की ती जिवंत होती.

"मास्तर, माजं कवा छापून येनार?" ती दर खेपेला विचारायची. घाई काय आहे, म्हणून सर टाळायचे. खरं तर तिच्या आडनावाच्या अक्षराचा खंड छपाईला निघाला होता.

एकदा तिच्या सुनेनं खोदून विचारलं. सरांना खोटं बोलता येत नसे, त्यांनी अट सांगून टाकली. म्हातारी खाटेवरून ऐकत होती. "एवढंच व्हय?" ती म्हणाली. "मग थांबा की जरा."

पुढच्या खेपेला सून दारातच भेटली. म्हातारीनं गोळ्या सोडल्या होत्या, जेवणही.

"तुमच्या पुस्तकापायी मरायलीय ती."

सरांनी ओट्यावर चपला काढल्या. मग आत जाऊन त्यांनी म्हातारीचा हात धरला आणि सांगितलं, कोशवाल्यांनी अट काढली, तुमचं छापलं. ती जेवायला लागली. पुस्तक मात्र तुमच्याच घरी राहू द्या म्हणाली, इथं उंदरं खातेत.

खंड तिच्याशिवाय निघाला. सरांनी उरलेलं काम परत पाठवलं आणि पुन्हा कुणाच्या दहाव्याला गेले नाहीत. तो आनंदी माणूस विझताना मी बघत होतो, आणि मला त्या अटीचा फार राग यायचा.

मागच्या उन्हाळ्यात सरच गेले. दहाव्याचे विधी उरकून आम्ही सरांच्या घरी परतलो, तर सुनेचा हात धरून म्हातारी आलेली. तिनं कपाटातला जाड खंड मागून घेतला आणि माझ्या मांडीवर ठेवला.

"मला वाचता येत न्हाई बाबा. मास्तरनं माजं काय लिवलंय, वाच."

मी खंड उघडला. समोर कुणा संस्थानिकाचा फोटो होता. त्यावर हात ठेवून मी वाचायला लागलो, "पिंगळीजवळच्या एका गावात, ऊसतोड कामगारांच्या घरी जन्म..."