सुंपीची जागा

आमच्या हारी गावात शेतं बायकाच बघतात, आणि त्याही टोळीनं. लहानपणच्या मैत्रिणींची टोळी. आज माझ्या शेतात, उद्या तुझ्या. शेजारच्या यासुंगमावशीच्या टोळीतल्या काही वारल्या, काही मुलांकडे शहरात गेल्या. राहिली होती सुंपी. यंदा तीही इटानगरला लेकाकडे गेली. मासे धरायला मात्र येईन म्हणाली होती.

आमच्याकडे भाताच्या खाचरातच मासे वाढवतात. भात पिवळं पडलं की खाचरातलं पाणी सोडतात. मासे मधल्या चरात गोळा होतात. एकीनं हाकायचे, दुसरीनं पलीकडे टोपली धरायची. उशीर झाला तर बगळे धरतात. आणि सोडलेलं पाणी खालच्या शेतांचं, ते परत मिळत नाही.

मावशीनं सकाळीच बांबूची तोटी उघडली. मी फोन घेऊन बांधावरच्या नाचणीत उभी होते. माझी मुलगी दिल्लीला असते, आणि घरात रेंज येत नाही.

"निघाली का गं सुंपीमावशी?"

"येईल. स्वतःच्या लग्नातसुद्धा उशिराच आली होती ती."

पाणी ओसरलं. मावशी मासे हाकायची, मग वळसा घालून टोपलीकडे धावायची. तोवर मासे उलटे फिरलेले.

"मी उतरू का?"

"ती जागा सुंपीची आहे. तू आमच्या टोळीतली नाहीस."

"आणि ते बगळे आहेत वाटतं टोळीतले?"

मावशी पुन्हा हाकायला वळली.

तेवढ्यात माझा फोन वाजला. सुंपीचा मुलगा होता. "आईचे गुडघे सुजलेत, नाही पाठवत. मासे काय, इथं बाजारात मिळतात. सांगाल ना मावशीला?"

मी सांगितलं. तिनं आणखी एकदा एकटीनं मासे हाकले आणि टोपलीकडे धावली. चरात बगळे वाकत होते.

"धर टोपली," शेवटी ती म्हणाली. "फोन ठेव वर. दोन्ही हात लागतात."

निम्मे तरी मासे हाती लागले. त्यातले मोठे तिनं सुंपीच्या वाट्याला काढले, इटानगरच्या गाडीनं पाठवायला.

"उद्या तिच्या शेताची पाळी," ती म्हणाली.

"मावशी, ते तर यंदा पडीक आहे."

"माहीत आहे मला."

दुसऱ्या सकाळी मी रेंज शोधत बांधावर आले, तेव्हा खाली सुंपीच्या खाचरात ती वाकून तण उपटत होती. मला तिनं बोलावलं नव्हतं.