मोरांच्या घड्याळासाठी भिंत

"मॅडम, ते काढा तिथून."

माधवराव असं म्हणाले तेव्हा मी स्टुलावर उभी होते. दीड महिना शोधून मागवलेलं घड्याळ नुकतंच भिंतीवर चढवलं होतं. कुरियरनं उशीर केला, म्हणून ते वास्तुशांतीनंतर चार दिवसांनी पोचलं.

मी हिंगोलीत इंटिरियर डिझायनर आहे. माधवराव डोंगरकडा गावचे केळीचे बागायतदार; त्यांच्या नव्या घराचं काम माझ्याकडे होतं. हॉलमध्ये शिरल्यावर नजर आधी जिथं जाते, त्या जागेला आम्ही फोकल पॉइंट म्हणतो. इथं ती सोफ्यावरची भिंत होती. भिंत करडी, फर्निचर साधं सागवानी, नक्षी कुठंच नाही. म्हणून घड्याळही तसंच. सागवानी कड, पितळी काटे, आकडे नाहीत.

"आकडेच न्हाईत तर टाइम कसा कळावा?" कांताबाईंनी, म्हणजे त्यांच्या मिसेसनी, विचारलं.

"अंदाजानं."

"अंदाज तर सूर्याकडं पाहूनबी येते, मॅडम."

तेवढ्यात माधवराव खोकं घेऊन आले. आतून जे निघालं ते बघून मी स्टुलावरून खाली उतरले. सोनेरी कड, दोन्ही बाजूंना पिसारा फुलवलेले मोर, पिसाऱ्यात लाल खडे, आणि खाली ठळक अक्षरांत 'सप्रेम भेट' आणि माधवरावांच्या थोरल्या भावाचं नाव. आमच्याकडे वास्तुशांतीला भिंतीवरची घड्याळं येतातच. यांना नऊ आली होती. आठ माळ्यावर गेली, हे नववं.

"बेडरूममध्ये लावू," मी म्हटलं.

"न्हाई."

"जिन्यात?"

"पाहुणे जिन्यात बसतेत का?"

माझं डोकं फिरलं. "मग मला बोलावलं कशाला? मोर तर तुम्हीच लावले असते!"

माधवराव उपरण्यानं मोराची मान पुसत बसले. चहा ठेवता ठेवता कांताबाईच बोलल्या. वाटणीच्या वेळी दोघा भावांचं बांधावरून बिनसलं. सात वर्षं एकमेकांच्या दारात पाय ठेवला नाही. वास्तुशांतीला भाऊजी आले, घड्याळ दिलं, न जेवता गेले. आता रविवारी जेवायला येतो म्हणाले होते.

"आल्याबराबर भिंतीकडं पाहतील. न्हाई दिसलं तर ताटावर बसायचे न्हाईत."

मला माझीच लाज वाटली. मी हिंगोलीचीच. भेटीच्या घड्याळाचं काय असतं, हे मला सांगावं लागलं!

आता खोलीला घड्याळ जुळेना, तर घड्याळाला खोली जुळवायची. आमच्या कामात एक साधी गोष्ट आहे. भडक वस्तू एकटी पडली की खटकते. तिचे रंग खोलीत आणखी दोनतीन जागी दिसले की डोळा तिला सामावून घेतो. मागची भिंत हळदी रंगाची केली. मोरपिशी उशा आणल्या. देवघरामागे पडलेली पितळी समई घासून कोपऱ्यात ठेवली. माझं घड्याळ उतरलं, मोर चढले.

रविवारी रंग वाळला का बघायला म्हणून मी गेले. खरं तर जेवायलाच.

बापूराव, म्हणजे थोरले, सपत्नीक आले. दारातच थांबले आणि वर बघितलं.

"काहून लावलं रे हे इथं?" ते म्हणाले. "मला तर दुकानातच पसंद नव्हतं. तुझ्या वहिनीची निवड."

वहिनींनी असं काही बघितलं की मीच दोन पावलं मागे सरले. माधवरावांचा चेहरा पडला.

"अन् पाच मिनिटं मागंबी हाय." बापूरावांनी स्टूल ओढलं.

"मी करतो, दादा."

"राहू दे. माझं घड्याळ हाय." ते स्टुलावर चढले. माधवरावांनी खाली बसून दोन्ही हातांनी स्टूल घट्ट धरलं. काटे लावायला बापूरावांना जरा जास्तच वेळ लागला, पण घाई कुणीच केली नाही. मग दोघे भाऊ शेजारी शेजारी जेवायला बसले.

महिन्याभरानं बापूरावांचा फोन आला. त्यांनाही हॉल करायचा होता.

"मॅडम, सोफ्यावरची भिंत तेवढी रिकामी ठेवा."

"का हो?"

"धाकटा काय आणते, ते पाहू."

माझं बिनआकड्यांचं घड्याळ आता माझ्याच घरी आहे. लेकरं त्याच्यासमोर बसून मोबाइलमध्ये टाइम बघतात. आणि माझा नियम ठरलाय: भिंतीचं माप आधी घ्यायचं, घड्याळ वास्तुशांतीनंतर निवडायचं.