आईच्या मनगटातला आवाज

अर्धांगवायूच्या झटक्यानंतर आईचा उजवा हात मांडीवर नुसता पडून असायचा. निर्मळ गावातल्या आमच्या फुलांच्या वाडीतून आम्ही तिला विरारच्या आमच्या फ्लॅटवर आणलं. हात सतत हलवत ठेवला तरच त्यात बळ परत येईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण आई ऐकेल तर शपथ! "हवेत हात हलवायला मी काय खुळी?" म्हणायची. मी चिडायचे, मग रडायचे, ती ढिम्म.

शेवटी माझ्या मुलीने साबणाच्या वडीएवढं एक यंत्र आणलं. ते मुठीत ठेवून पट्ट्याने बांधायचं. हात वर नेला की सूर चढतो, मनगट वळवलं की टण्णकन वाजतं, आवाज फोनमधून येतो. आईने ते बराच वेळ न्याहाळलं आणि म्हणाली, "वाटीभर पाणी आण गो."

मला वाटलं, तहान लागली. तर तिने डाव्या हाताने उजवी मूठ उचलली आणि यंत्रासकट वाटीत बुडवली! मुलगी किंचाळली. मला मात्र हसू फुटलं. आमच्या वाडीत मोगरा केळीच्या सोपटाच्या, म्हणजे वाळलेल्या सालीच्या, दोऱ्याने बांधतात, आणि तो दोरा भिजवल्याशिवाय वळत नाही. मनगट वळवायचं म्हटल्यावर जन्मभर गजरे बांधलेली बाई दुसरं काय करणार?

यंत्र पुसलं. नशीब, चालू होतं. आईने डाव्या चिमटीत नसलेल्या कळ्या धरल्या आणि उजवं मनगट वळवायला घेतलं. कितीतरी वेळ काहीच नाही. मग एकदा टण्ण. मग दोनदा. लहानपणी दुपारी मी ओटीवर तिच्या मांडीशी लवंडायचे, तेव्हा दोऱ्याच्या प्रत्येक वेढ्याला तिच्या काचेच्या बांगड्या वाजायच्या आणि मला झोप लागायची. तीच लय, अडखळत का होईना, माझ्या हॉलमध्ये ऐकू येत होती. त्या दुपारींसाठी जीव इतका कधी तुटला नव्हता.

पाऊण तास तिने हात थांबवला नाही. मग तोंड वाकडं करून म्हणाली, "सोड हे. दुखतंय."

"कुठे?"

"अंगठ्याच्या मुळाशी."

चार महिने त्या अंगठ्याला सुई टोचली तरी तिला कळत नव्हतं. मी तो दोन्ही हातांत घट्ट धरून रडायला लागले, तशी ती खेकसली, "अगो, दाबतेस काय? दुखतंय म्हटलं ना!"