मानेवरची पट्टी

नळी घालायची डॉक्टरांनी आणि टिकवायची आम्ही, असा मुलुंडच्या आमच्या हॉस्पिटलातला रिवाज. मानेतल्या मोठ्या शिरेत नळी गेली, दोन टाके पडले, की डॉक्टर हातमोजे काढून मोकळे. पुढे ती हलू नये म्हणून पट्टी लावायची, दर पाळीला तपासायची, हे सिस्टरचं काम. नव्या मुलींच्या मी कानीकपाळी ओरडायचे, पट्टीची कड सुटली तर वर दुसरी चिकटवायची नाही, अख्खी काढून नवी लावायची. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

तो पेशंट भांडुपचा होता, चाळिशीही न गाठलेला. रक्तात जंतू पसरले होते आणि त्याचं ब्लडप्रेशर मानेतल्या नळीतून जाणाऱ्या औषधावरच टिकून होतं. हाताच्या शिरा सुजून केव्हाच निकामी झालेल्या. पण त्या दिवशी डॉक्टर पहिल्यांदाच त्याच्या आईला म्हणाले, "आज जरा बरा वाटतोय."

आई भेटीच्या वेळी पदराआड खोबरेल तेलाची बाटली घेऊन आली होती.

"वायच त्याल घालूक दी गो बाय. टाळू बघ कशी तापली हा."

आयसीयूत तेल चालत नाही. पण माझी आईही तापात हेच करायची, आणि आठ दिवस ही बाई नुसती पायाशी उभी राहून परत जात होती. माझ्याच्याने नाही म्हणवेना.

"घाला मावशी, पण थोडंच हं."

थोडंच कसलं! आईचा हात तो. तेल केसांतून कानामागे आणि तिथून मानेवर उतरलं.

दुपारी पाहिलं तर पट्टीची कड उचललेली, एक टाकाही निसटलेला. त्वचा पुसून नवी पट्टी लावायची, डॉक्टरांकडून टाका घालून घ्यायचा, वीस मिनिटांचं काम. पण शेजारच्या खाटेवर नवा पेशंट येत होता. मी वरून चिकटपट्टी मारली आणि नंतर बघू म्हटलं. तेलकट कातडीवर चिकटपट्टी!

तासाभराने आम्ही दोघी सिस्टरनी त्याला कुशीवर वळवलं, उरलेला टाकाही सुटला आणि नळी अलगद बाहेर आली. औषध उशीवर ठिबकायला लागलं. मी मान दाबून धरून ओरडले. डॉक्टर धावत आले, दुसऱ्या बाजूला शीर शोधू लागले. ती सापडेपर्यंत हृदय थांबलं होतं. आम्ही छाती दाबत राहिलो, पण तो गेला.

असं काही घडलं की कागद भरावा लागतो. कारणाच्या रकान्यात मी लिहिलं, 'नातेवाइकांनी तेल लावल्याने पट्टी सैल झाली.' त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. तेल घाला कोण म्हणालं, चिकटपट्टी कोणी मारली, हे कागद विचारत नव्हता आणि मी सांगितलं नाही. स्वतःची किळस आली, तरी सही केली.

बाहेर बाकावर आई बसली होती. मला पाहून ती उठली. मला वाटलं, हिला कळलं. तिने माझे दोन्ही हात धरले.

"तू होतस म्हणान माझ्या झिलाक जाताना आवशीच्या हातचा त्याल तरी लागला," ती म्हणाली आणि माझ्या पाया पडायला वाकली. मी तिला धरून उभं केलं. तेवढंच केलं.