मूठ न वळता धरायचा ब्रश

मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आमच्या सरांनी प्रोजेक्टसाठी एकच अट घातली होती: रोजच्या वापरातली एक वस्तू घ्या आणि ज्याला ती वापरता येत नाही अशा एखाद्या माणसासाठी बदला. मी आणि माझ्या मैत्रिणीनं इलेक्ट्रिक टूथब्रश घेतला तेव्हा वर्ग हसला. बाकीचे गट ऊसतोडणी यंत्रं नाहीतर ट्रॅक्टरची अवजारं करत होते. "तुमचं बरंय, खिशात मावतंय," एकजण म्हणाला.

माझ्या डोळ्यांसमोर ढोकी गावातली माझी आत्या होती. खुरपणीच्या वीस बायकांना एका हाकेत कामाला लावणारी बाई. संधिवातानं तिची बोटं वाकडी झाली होती, मूठ वळत नव्हती. रोज सकाळी सून तिचे दात घासून द्यायची. सून मायेनंच करायची, पण आत्या तेवढा वेळ डोळे गच्च मिटून बसायची.

आम्ही सेलवर चालणारा एक साधा ब्रश उघडला आणि कॉलेजच्या थ्रीडी प्रिंटरवर त्याला जाडजूड दांडा केला. तो घेऊन ढोकीला गेलो. आत्यानं उलटसुलट करून बघितला.

"ह्ये तर मक्याचं कणीस झालं की गं!"

ओल्या हातातून तो दोनदा सटकला. बटण तर तिला दाबताच येईना. तिसऱ्यांदा पडला तेव्हा ती म्हणाली, "मला न्हाय जमायचं, बाई. तुमच्या परीक्षेला दुसरं कायतरी घ्या."

आम्ही दोघी पायरीवर बसून राहिलो. तेवढ्यात आत्या दुधाची किटली घेऊन गोठ्याकडं निघाली. किटलीची कडी तिनं बोटांत धरलीच नव्हती. तळहात कडीतून आरपार सरकवला होता आणि किटली हातावर अडकवून ती बिनघोर चालली होती.

"आत्या, थांबा! ती किटली परत ठेवा आणि परत उचला," मी ओरडले.

"येड लागलं का काय?" ती म्हणाली, पण उचलली.

कॉलेजला परत आल्यावर आम्ही दांड्याला रुंद पट्टा बसवला, माझ्या जुन्या दप्तराचा. हात आत सरकवला की ब्रश तळव्याला चिकटून राहायचा. बटण काढून टाकलं. स्टँडवरून उचलताच तो सुरू व्हावा अशी सोय केली आणि मी मोठ्या रुबाबात सरांना दाखवायला गेले. उचलला मात्र, पेस्टचे शिंतोडे थेट सरांच्या शर्टावर! त्यांनी शांतपणे रुमालानं पुसलं.

"तोंडात जायच्या आधीच कशाला सुरू करता? दाताला टेकू द्या की."

मग ब्रशच्या मानेत एक बारीक स्प्रिंग घातली. दातावर जरासा दाब पडला तरच मोटर फिरणार, दाब सुटला की बंद. पाणी आत शिरून दोन मोटरी गेल्या, तेव्हा ठिबक सिंचनाच्या दुकानातलं रबरी वॉशर कामाला आलं.

पुन्हा ढोकी. सुनेनं पेस्ट लावून दिली. आत्यानं हात सरकवला, ब्रश तोंडाशी नेला आणि बारीक गुरगुर सुरू झाली. ती दचकली, थांबली, पुन्हा टेकवला. मग वरचे, खालचे, मागचे, पुन्हा वरचे. थांबेचना.

"अहो आई, बास की आता!" सून म्हणाली.

आत्यानं फेसानं भरलेल्या तोंडानंच तिला हातानं बाजूला सारलं. चूळ भरली, आरशात बघितलं आणि म्हणाली, "माझे दात म्या सोता घासले." सून हसता हसता डोळे पुसायला लागली.

तोंडी परीक्षेला आत्या ठेवणीतलं लुगडं नेसून स्वतः आली. मी बाहेरच्या परीक्षकांची बोटं चिकटपट्टीनं एकमेकांना बांधली आणि आधी बाजारातला ब्रश दिला. त्यांना बटण काही दाबता आलं नाही. मग आमचा दिला. ते तोही वरूनच धरायला लागले तशी आत्या उठली.

"असं न्हाय, सायेब. आधी हात आत घाला. हां, आता टेकवा."

साहेबांनी निमूट ऐकलं. ब्रश गुरगुरला आणि अख्ख्या हॉलनं टाळ्या वाजवल्या, ऊसतोडणीवाल्यांनी सगळ्यात जोरात. त्या वर्षीचं पहिलं बक्षीस आमचं होतं.

"आजी, अजून काही बदल हवा का ह्यात?" परीक्षकांनी विचारलं.

"ह्यात काय न्हाय. आता ह्या पोरींनी फणीचं बघावं," आत्या म्हणाली. "मला वेणी लई घट्ट घातलेली लागती, सुनंला तशी जमत न्हाय."

मैत्रिणीनं तिथंच वही उघडली आणि आत्याला विचारलं, "हात डोक्याच्या मागं कुठवर जातो तुमचा?"