सोनेरी कार्ड आणि मधला पडदा

कंपनीत त्याला सगळे ‘पायलट’ म्हणायचे. विमान राहू द्या, त्याला साधी सायकलसुद्धा धड चालवता यायची नाही. त्याचं काम म्हणजे इस्पितळांतली आणि हॉटेलांतली कपडे धुण्याची अवाढव्य यंत्रं दुरुस्त करायची. कुठलं तरी यंत्र बंद पडायचं, चादरींचे ढीग साचायचे, फोन यायचा, आणि हा हत्यारांची पेटी उचलून विमानतळाकडे सुटायचा. त्याच्या कानांची मात्र कमाल होती. समोरच्याने फोन नुसता यंत्राजवळ धरला की हा इकडून सांगायचा, “डावीकडचं बेअरिंग गेलंय. बंद ठेवा, मी येतो.” आणि जाऊन बघावं तर खरंच डावीकडचं बेअरिंग गेलेलं असायचं.

एवढ्यावर सगळं छान चाललं होतं. पण विमान कंपनीने त्याला एक कार्ड दिलं आणि चांगल्या माणसाचं डोकं फिरवलं. आधी निळं कार्ड, खूप उडालात की रुपेरी, आणि त्याहून उडालात की सोनेरी. सोनेरीवाल्यांची रांग वेगळी, त्यांना बसायला मऊ सोफ्यांची खोली, आणि पुढच्या रुंद खुर्च्यांतली एखादी रिकामी राहिली तर तीही फुकट. आता मला सांगा, रुंद खुर्चीत बसलेला माणूस काय आधी पोचतो? पण पायलटला कोण सांगणार! विमानात शिरताना पुढच्या खुर्च्यांवरून त्याची नजर हलायची नाही. मग हवाई सुंदरी मधला पडदा सर्रकन ओढायची आणि हा मागे गुडघे पोटाशी घेऊन बसायचा. त्या पडद्यापलीकडे एकदा तरी बसायचंच, असं त्याने मनाशी पक्कं केलं होतं.

कार्डाचा हिशेब उड्डाणांवर होता. म्हणून पठ्ठ्या काय करायचा? सरळ घरी येणारं विमान सोडून आडवाटेने यायचा. एका गावाहून दुसऱ्या गावाला, तिथे बाकावर पेंगत बसायचं, मग तिथून घरी. एकाच्या जागी दोन उड्डाणं! दुपारी घरी पोचू शकणारा माणूस रात्री जेवणं आटोपल्यावर दारात उभा. बायकोने विचारलं की म्हणायचा, “अगं, सरळ विमानच नाही तिकडून.” तिचा बापडीचा विश्वास बसायचा.

बायको पडदे शिवायची. पुढच्या खोलीत तिचं शिलाई मशीन सकाळी सुरू व्हायचं ते दिवेलागणीपर्यंत खडखडत असायचं. गावातल्या निम्म्या खिडक्यांना तिच्या हातचे पडदे. पण ते दांड्यावर चढवायला दुसरं कुणीतरी लागायचं, कारण बाईला उंचीची भयंकर भीती. स्टुलावर उभी राहिली तरी पाय लटपटायचे. विमानाचं तर नावच नको.

पायलटला मात्र विमानात शिरल्यावर राहवायचं नाही. दार लागेपर्यंत बायकोला फोन. “आता बघ, जमिनीवरून उठल्यावर पोटाखालून धाड करून आवाज येतो. नवखी माणसं दचकतात. काही नसतं गं, चाकं आत घेतात.” कधी म्हणायचा, “ढगात शिरलं की हादरतं, खड्ड्यातून गाडी गेल्यासारखं. पण पडत नाही.” ती पलीकडून नुसतं “हं” म्हणायची. पुन्हा “हं”. त्याला वाटायचं, हिचं लक्ष शिलाईत आहे, आपण आपले भिंतीशी बोलतोय. तरी बोलायचा. वर्षानुवर्षं बोलत राहिला.

आणि एके दिवशी सोनेरी कार्ड आलं हो! पाकिटातून काढून त्याने ते आधी शर्टाला पुसलं, मग दिव्याखाली धरलं, मग बायकोसमोर. “छान आहे,” ती म्हणाली, “याने नारळ तरी खवता येतो का?” पायलट इतका खूश होता की तोही हसला.

त्याच आठवड्यात लेकीचा फोन आला. लेक लांबच्या शहरात, दिवस भरत आलेले. “आई, तू हवीयेस मला. आगगाडीने यायला दोन दिवस लागतील आणि तोवर बाळ तुझी वाट बघणार नाही. विमानाने ये.”

“विमानाने?” म्हणत आईने फोन मोठ्या आवाजावर टाकून पायलटपुढे ठेवला. पायलटने लगेच कागद-पेन्सिल घेतली. “काळजी करू नकोस. इथून आधी आपण दक्षिणेला जाऊ, तिथे चार तास थांबू, मग…”

“बाबा, काहीतरीच काय?” लेक फोनवरून ओरडली. “सरळ विमान आहे की रोज! तुम्ही नेहमी आडवाटेने का जाता ते तुमचं तुम्हाला ठाऊक.”

बायकोने हातातली कात्री खाली ठेवली. “नेहमी?” तिने विचारलं. मग पायलटला सगळं ओकावं लागलं. कार्ड, उड्डाणं, बाकावरचं पेंगणं. ती रडली नाही, ओरडली नाही. फक्त म्हणाली, “म्हणजे मी ताट झाकून बसायचे, ते त्या कार्डासाठी.” पायलटला वाटलं, त्यापेक्षा तिने चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी तिने अट घातली. सरळ विमानाने जायचं, आणि विमान उठल्यापासून खाली उतरेपर्यंत तिचा हात धरून बसायचं. “हात सुटला तर मी परत कधी विमानात पाय ठेवणार नाही. लेकीच्या घरी यायचंजायचं असेल तर तुम्ही तुमचे एकटे जात जा.” पायलट म्हणाला, “शप्पथ!”

विमानतळावर स्वारी नुसती फुगली होती. वेगळ्या रांगेतून बायकोला मिरवत नेलं. मऊ सोफ्यांच्या खोलीत नेलं. तिने सोफ्याची खोळ उलटून पाहिली आणि नाक मुरडलं, “कुणी शिवलंय हे? टाके बघा कसे, एक हातभर, एक बोटभर.” चहा तेवढा तिला आवडला. पण विमानाच्या दाराकडे निघायची वेळ झाली तशी तिची बोटं गार पडत चालली.

दारातल्या मुलीने पायलटचं तिकीट यंत्रावर धरलं. यंत्र टुणकन वाजलं. “अभिनंदन सर! सोनेरी कार्ड असल्यामुळे तुम्हाला पुढची जागा मिळालीये.”

“दोघांना?”

“नाही सर, एकच रिकामी आहे.”

पायलटने आधी बायकोकडे पाहिलं आणि म्हणाला, “तू बस पुढे.” ती म्हणाली, “एकटी? वेड लागलंय का?” मग तो म्हणाला, “राहू दे, मला नको.” तोंडाने म्हणाला हो, पण चेहरा असा पडला की बायकोला बघवेना. इतकी वर्षं ज्या खुर्चीसाठी माणूस बाकांवर झोपला, ती समोर आली आणि आपल्यामुळे गेली, असं तिला वाटलं. “जा तुम्ही,” ती म्हणाली.

अहो, बायको ‘जा’ म्हणते तेव्हा जायचं नसतं, एवढं इतक्या वर्षांच्या संसारात कळायला नको? पण हा गेला.

खुर्ची खरंच रुंद होती. पाय लांब केले तरी पुढे कशाला टेकत नव्हते. गरम रुमाल आला, काचेच्या पेल्यात सरबत आलं. मग पडदा सर्रकन ओढला गेला, आणि पहिल्यांदाच पायलट त्याच्या या बाजूला होता. विमान धावायला लागलं, उठलं, आणि पोटाखालून धाड करून आवाज आला.

त्या आवाजासरशी त्याला बायको आठवली. ती मागे एकटी आहे. तिला वाटेल विमान मोडलं. तिचा हात! त्याने स्वतःच्या हाताकडे पाहिलं, तर त्यात सरबताचा पेला. शरमेने त्याला ते सरबत गिळवेना. पट्टे बांधून ठेवायचा दिवा काही विझेना. गाढवा, कशासाठी उठून आलास, असं तो स्वतःला बजावत राहिला. दिवा विझला आणि पायलट पडदा बाजूला सारून मागे धावला.

बायको खिडकीशी बसली होती. पायलटने सोडलेल्या मधल्या जागेवर एक पैलवान कोंबून बसवलेला. मान दिसतच नाही, मिशा ह्या एवढ्या, आणि डोळे गच्च मिटलेले. त्याचा परातीएवढा पंजा पायलटच्या बायकोने आपल्या दोन्ही हातांत धरला होता.

“हादरतंय ना?” ती त्याला सांगत होती, “ढगात शिरलोय आपण. खड्ड्यातून गाडी जाते ना, तसं. पण पडत नाही हो! मघाचा धाड आवाज चाकं आत घेतल्याचा. नवखी माणसं दचकतात.”

“ताई, तुम्ही पुष्कळ वेळा बसलेल्या दिसता,” पैलवान डोळे न उघडता म्हणाला.

“छे हो, पहिलीच वेळ. पण आमच्या ह्यांनी सांगून ठेवलंय सगळं.”

सगळं पायलटचंच होतं, शब्द न् शब्द. त्याने पैलवानाच्या खांद्यावर हात ठेवला. “दादा, पुढे एक रुंद खुर्ची आहे. पाय पसरून बसाल. तिथे तुम्ही जा, इथे मला बसू द्या.” हवाई सुंदरीने जरा कुरकुर केली, पण मधल्या खुर्चीत अडकलेला पैलवान आणि पायलटचा चेहरा बघून ती हसली आणि पडदा धरून उभी राहिली. पैलवान ताईंच्या पाया पडून पुढे गेला.

पायलट गुडघे पोटाशी घेऊन बसला. बायको त्याच्याकडे बघेना. “त्या पडद्याची खालची दुमड उसवलीये,” ती म्हणाली, “मघापासून बघतेय.”

“चुकलो,” तो म्हणाला. “खूप घाबरलीस?”

“घाबरणारच होते. पण तो बिचारा माझ्याआधी घाबरला.”

“पण तुला सगळं पाठ कसं? तू तर नुसतं हं हं करायचीस. मला वाटायचं मशीन चालवत बसलीयेस.”

आता तिने त्याच्याकडे पाहिलं. “मशीन चालू असतं तर तुमच्या कानांना कळलं नसतं?”

सगळे फोन पायलटच्या कानांत पुन्हा वाजले. तिचं “हं”, मागे रस्त्यावरचा एखादा हॉर्न, आणि खडखड नाही. एकदाही नाही. शेकडो मैलांवरचं बिघडलेलं बेअरिंग ऐकणारा हा माणूस, आणि घरात आपल्यासाठी थांबवलेलं मशीन त्याला कधी ऐकू आलं नव्हतं. त्याने तिचा हात धरला. विमान खाली टेकलं, थांबलं, लोक सामान काढायला उभे राहिले, तरी सोडला नाही.

“अहो, सोडा आता, लोक बघतायत.”

“बघू देत.”

दाराशी पैलवान थांबला होता. “काय खुर्ची होती, साहेब!” तो म्हणाला. “मी झोपलोच!”

नात झाली. गोबरी, आणि आवाज असा खणखणीत की पायलटने ऐकताक्षणी सांगितलं, यंत्र उत्तम आहे. महिन्याभराने परत निघताना विमानतळावरच्या मुलीने सोनेरी कार्ड पाहिलं आणि अदबीने विचारलं, “सर, काही खास व्यवस्था?”

“दोघांना शेजारी शेजारी बसवा,” पायलट म्हणाला. “एवढं होतं का या कार्डावर?”

“सर,” ती हसून म्हणाली, “त्याला कार्ड लागत नाही.”