मागून काय दिसतंय?

शेवटच्या भेटीत माणूस काहीतरी मोठं बोलून जातो, अशी लोकांची समजूत असते. भेटायला आलेल्या प्रत्येक बाईनं मला हळूच विचारलं, "शेवटी काही म्हणाले का हो?" म्हणाले की! दवाखान्याच्या खाटेवर दोन उशांना टेकून, एकेक शब्द ओढून काढत आमचे हे मला म्हणाले, "गाडीचं तेल बघितलंस का?" मी म्हटलं, "बघितलं." खोटं सांगितलं. त्या गाडीचं झाकण उघडायचीसुद्धा मला शिसारी यायची. त्यांनी मान हलवली, डोळे मिटले, आणि पहाटे गेले. त्याला आता काही आठवडे झाले. संसार माझ्याशी केला आणि शेवटचा प्रश्न विचारला तेलाचा... तर ते असो.

हे नगरच्या कोर्टात वकील. मी मुलींच्या शाळेत मराठी शिकवते. आम्हाला मूलबाळ नाही. सावेडीत घर बांधलं तेव्हा हौसेनं पुढे अंगण सोडलं, तुळस लावली, शहाबादी फरशी घातली. त्या फरशीवर यांनी भिंगारच्या छावणीतल्या एका निवृत्त साहेबाकडून घेतलेली जुनी विलायती गाडी आणून उभी केली. आमच्या लग्नाच्याही आधी जन्मलेली. शेजारपाजारचे लोक तिला माझी सवत म्हणायचे. अहो, सवत निदान आंघोळ तरी करते! ही मेली रात्रंदिवस तेल गाळायची. फरशीवर काळा डाग, यांच्या सदऱ्यावर काळे डाग, जेवताना ताटाच्या कडेवर अंगठ्याचा काळा ठसा. पोळीला तेलाचा वास येतोय असं मी म्हटलं की म्हणायचे, "मास्तरीणबाई, पोळीला तेल लावतातच की." स्वतःच हसायचे वर.

दुष्काळाच्या त्या वर्षी दिवाळीनंतर गाडी धूर सोडायला लागली. थोडाथोडका नाही. गाडी सुरू झाली की समोरच्या घरातल्या काकू दारं-खिडक्या लावून घ्यायच्या. निळसर, चिकट, घशात बसणारा धूर. वाळत घातलेल्या लुगड्यांना त्याचा वास यायचा. आणि त्याच सुमारास यांना खोकला लागला. आधी सकाळी, मग दिवसभर, मग जिना चढून आले की खुर्चीचा हात धरून उभे राहायला लागले. गावातल्या डॉक्टरांनी छातीला नळी लावून सांगितलं, पुण्याला जाऊन मोठ्या डॉक्टरांना दाखवा, फोटो काढा, उशीर करू नका. मी त्याच संध्याकाळी पिशवी भरली. दिवसभर पुण्याच्या एस.टी. सुटतात. तासा-दोन तासांत बसायला जागा मिळते.

"एस.टी.नं मी जाणार नाही," हे म्हणाले. "रोगी म्हणून कुणाच्या खांद्याला धरून उतरायचं नाही मला. माझी गाडी मी चालवत जाईन. ती बरी झाली की दुसऱ्या दिवशी पुणं. शब्द दिला."

आता या माणसाशी कुणी वाद घालायचा? वकील होते. पुण्याची तारीख त्यांनी गाडीच्या धुराला बांधून टाकली आणि मला वाटलं, ठीक आहे, आठवडाभरात होईल गाडी दुरुस्त. माझं हे वाटणं किती भाबडं होतं, ते पुढं कळलं.

केडगावहून बबनमिस्त्री आला. गाडीकडे न बघताच म्हणाला, "रिंगा गेल्या, वकीलसाहेब. विंजन खोलावं लागंल." बॉनेट उघडलं, कानाला काडी लावून ऐकल्यासारखं केलं, परत तेच. "खोलल्याबिगर जमायचं न्हाई." रिंगा म्हणजे इंजिनातल्या दट्ट्यांवरची कडी; ती झिजली की तेल वर चढून जळतं म्हणे. या बबनला मी पुरती ओळखून होते. त्याच्याकडे गाडी खोकली तरी रिंगा गेलेल्या असायच्या आणि गप्प बसली तरी रिंगाच गेलेल्या. त्याच्या गॅरेजात खोललेली इंजिनं ओळीनं पडलेली, त्यांवर कोंबड्या बसलेल्या. बघूनच अंगावर काटा यायचा. तरी मी म्हटलं, खोलू दे त्याला, काय व्हायचं ते होऊ दे, मोडली तर सुटलो, एस.टी.नं जाऊ.

पण हे कसले ऐकतात! "नुसत्या धुरावरून फाशी?" म्हणाले. "पुरावा दाखव, मग खोल." बबन पान थुंकून निघून गेला, आमच्या तुळशीच्या बुडाशी थुंकून. आणि त्या दिवसापासून अंगणात खटला सुरू झाला.

या खटल्यातली मुख्य साक्षीदार मी. माझं काम काय, तर शाळेत जायच्या आधी, चापूनचोपून साडी नेसून गाडीच्या मागं उभं राहायचं आणि धुराचा रंग सांगायचा. हे आत बसून गाडी सुरू करायचे आणि ओरडायचे, "काय दिसतंय गं मागून?" मी नाकाला पदर लावून ओरडायची, "निळा!" काळा असला तर पेट्रोल जास्त, पांढरा असला तर पाणी, निळा म्हणजे तेल जळतंय, हे मला तोंडपाठ झालं होतं. सकाळी थंड गाडी सुरू केल्यावर निळा येतो का, की चढावर जोर दिल्यावर येतो, की पाय काढून पुन्हा दाबल्यावर, याचीही उलटतपासणी. समोरच्या काकू खिडकीच्या फटीतून विचारायच्या, "बाई, आज कोणता हो?" माझ्या वर्गातल्या मुली त्या रस्त्यानं शाळेला जायच्या. त्या फिदीफिदी हसायच्या. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

मग एका रविवारी यांनी सगळे प्लग काढले. मला आत बसवून चावी फिरवायला सांगितली आणि स्वतः एकेका भोकावर अंगठा दाबून धरला. प्रत्येक भोकानं अंगठा फट्कन उडवून लावला. नंतर प्रत्येकात चमचाभर तेल ओतून पुन्हा तेच. माझा चहाचा चमचा, हे वेगळं सांगायला नको. जोर होता तेवढाच राहिला. "बघितलंस?" हे अंगणात नाचायचेच बाकी होते. "रिंगा झिजल्या असत्या तर तेलानं जोर वाढला असता. रिंगा निर्दोष आहेत! बबन्या खोटारडा!" एवढं बोलले आणि मडगार्डला धरून खोकत राहिले. खोकला थांबेपर्यंत चमचा हातातच होता.

मी त्या दिवशी फार बोलले. म्हटलं, गाडीला पुरावा मागता, मग स्वतःला का नाही मागत? डॉक्टर सांगताहेत, छाती वाजतेय, अंगावरचा सदरा ढगळ झालाय, अजून कसला पुरावा हवाय? यांनी शांतपणे हात पुसले आणि म्हणाले, "धुळीचा खोकला आहे. पाऊस पडला की जाईल." त्या मशीनला त्यांनी महिनोन्महिने उलटंसुलटं तपासलं, आणि खोकल्याला मात्र पहिल्याच तारखेला संशयाचा फायदा देऊन सोडून दिला. इतका संताप यायचा मला... अजून येतो.

उलगडा झाला तो असा. गाडी चालू होती, तेल कमी झालं म्हणून यांनी इंजिनावरचं तेल ओतायचं झाकण काढलं. काढल्याबरोबर आतून भस्सकन वाफारा आला आणि तेलाचे शिंतोडे यांच्या चष्म्यावर उडाले. मी मागे आपली जागा धरून उभी. बघते तर थोड्या वेळात धूर विरळ होत चालला. मी ओरडले, "अहो, निळा कमी झाला! जवळजवळ गेलाच!" यांनी झाकण लावलं, धूर परत. काढलं, पुन्हा कमी. त्यांचा चेहरा एकदम बदलला. "कोंडलंय," म्हणाले. "आत हवा कोंडलीय. श्वास सोडायला जागा नाही तिला, म्हणून तेल वर ढकलतेय."

इंजिनाच्या पोटातली हवा बाहेर जायला एक वाकडी नळी खाली गेलेली असते. हे पोतं अंथरून गाडीखाली शिरले. नळीचं तोंड काळ्या राडीनं पार लिंपलेलं होतं. पेचकसानं खरवडून, ओढून त्यांनी एक गोळा बाहेर काढला. मेलेल्या घुशीसारखं काहीतरी.  त्याच्या कडेला लाल दोरा दिसला, तसं मी वाकून नीट पाहिलं.

ते माझं चक्क्याचं फडकं होतं. श्रीखंडासाठी दही टांगायचं. पोतेऱ्यात मिसळू नये म्हणून कडेला लाल दोऱ्यानं टीप घातलेलं. दसऱ्याला त्यासाठी मी सगळं घर पालथं घातलं होतं आणि यांनीही माझ्याबरोबर कपाटं उपसली होती! उन्हाळ्यात पारनेरच्या बाजूला जायचे तेव्हा रस्त्यावर दुष्काळी कामाची खडी फोडणं चालू होतं, धुळीचे लोट उठायचे. गाडीच्या पोटात धूळ जाऊ नये म्हणून यांनी ते चौपदरी घडी करून नळीच्या तोंडाला बांधलं. दूध गाळून घ्या, पाणी गाळून घ्या, पेट्रोल गाळून घ्या, यांना गाळल्याशिवाय चैन नसे. हवा तेवढी राहिली होती. बांधलं आणि साफ विसरले.

मी काही बोलायच्या आत हे हसायला लागले. पोत्यावर बसून, पोट धरून. "आरोपी मीच की गं!" म्हणाले. हसता हसता खोकला आला तो थांबेना, आणि हातात होतं तेच फडकं तोंडाला लावायला निघाले. मी ते हिसकावून कुंपणापलीकडे भिरकावलं. म्हटलं, "उद्या पुणं."

शब्द पाळला. दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालून स्वतः गाडी चालवली. कामरगावच्या चढावर मला म्हणाले, मागं वळून बघ. मी मान काढून पाहिलं. मागं नुसता रस्ता होता, स्वच्छ. शिरूरला थांबून त्यांनी उसाचा रस पाजला. एवढे खुशीत होते, की माझा राग मला धरून ठेवता येईना.

पुण्याच्या डॉक्टरांनी फोटो उजेडासमोर धरला आणि बराच वेळ खाली घेतला नाही. मग विचारलं, "इतके दिवस का थांबलात?" हे म्हणाले, "गाडी धूर सोडत होती." डॉक्टरांना वाटलं, गंमत करताहेत. ते हसलेसुद्धा. मला त्या टेबलावर डोकं आपटावंसं वाटलं. पुढं त्यांनी छाती उघडली, पाहिलं आणि तशीच शिवून टाकली.

एका फडक्यापायी! लोक येतात, डोळे पुसतात, म्हणतात, किती हौशी होते हो, काय चिकाटी! बबनमिस्त्री सुद्धा येऊन बसला आणि म्हणाला, "साहेबांवानी डोकं नगरात न्हाई." मला त्या कौतुकाचा वीट आलाय. असली चिकाटी कुणाला हवी होती? मला नवरा हवा होता.

गाडी विकायला काढली. परवा नागापूरच्या कारखान्यातले एक गृहस्थ बघायला आले. सभ्य होते बिचारे. मी चावी दिली आणि आत जाणार होते. त्यांनी गाडी सुरू केली मात्र, माझे पाय आपले मागच्या बाजूला वळले. काळ्या डागाशी, नेहमीच्या जागी जाऊन उभी राहिले. नाकाला पदरसुद्धा लावला. गाडी संथ चालत होती. आतून कुणी काही विचारलं नाही. मी थोडी वाट पाहिली... आणि मोठ्यानं ओरडले, "काही नाही! अजिबात धूर नाही!"

गृहस्थांनी दचकून खिडकीतून मान बाहेर काढली. "मला काही म्हणालात का, बाई?"

"तुम्हाला नाही," मी म्हटलं.